दडपणाखाली पथकाने निर्णय कसा घ्यायचा? संकटकालीन वाटाघाटींच्या प्रशिक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतले पोलीस, महसूल खात्यातली मंडळी, समुपदेशक आणि अधूनमधून शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतले सुरक्षा अधिकारी आमच्याकडे सरावाला येतात. येण्याआधी फोनवर जे विचारलं जातं ते इथे एका जागी ठेवलं आहे. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे लोक अडतात तिथे जास्त लिहिलं आहे.

संकटकालीन वाटाघाटी म्हणजे ओलिसांची सुटकाच ना?

गाजलेली प्रकरणं तशी असतात म्हणून तसं वाटतं. जिल्ह्यात ओलीस प्रकरण क्वचितच येतं. इथे समोर येतो तो पंचगंगेच्या पुलाच्या कठड्यावर चढलेला तरुण, मागणी मान्य होईपर्यंत पाण्याच्या टाकीवरून उतरणार नाही म्हणणारा कार्यकर्ता, १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारीच्या तोंडावर आत्मदहनाचा इशारा देऊन जिल्हाधिकारी कार्यालयासमोर कॅन घेऊन उभा राहिलेला शेतकरी, किंवा बायकोपोरांना आत ठेवून, दाराला कडी लावून कोयता घेऊन बसलेला नवरा. या सगळ्यांत काम सारखंच असतं. त्याच्याशी बोलत राहायचं, वेळ मिळवायचा, आणि अब्रू न घालवता मागे फिरण्याची वाट त्याच्यासाठी मोकळी ठेवायची.

ही पद्धत आली कुठून?

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ओलीस प्रकरणात इस्रायलच्या पथकातले ११ जण मारले गेले. त्यानंतर न्यूयॉर्क पोलिसांतले हार्वे श्लॉसबर्ग (तपास अधिकारी आणि मानसशास्त्राचे डॉक्टर) आणि फ्रँक बोल्झ यांनी १९७३ साली वाटाघाटींचं खास पथक उभं केलं. पाठोपाठ एफबीआयने (अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने) हे शिक्षण हाती घेतलं. आज सगळीकडे शिकवली जाणारी पाच पायऱ्यांची शिडी तिथलीच: मन लावून ऐकणं, त्याचं दुःख आपल्याला कळलंय हे त्याला जाणवू देणं, विश्वास जमणं, मग आपल्या शब्दाला वजन येणं आणि सगळ्यात शेवटी त्याच्या वागण्यात बदल. आपल्याकडे बहुतेक जण खालच्या चार पायऱ्या गाळून थेट पाचवीवर जातात आणि ओरडतात, "ए, आधी खाली उतर!"

मग चांगला बोलणारा एक अधिकारी शोधला की काम झालं, नाही का?

हा आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि आमचं सगळ्यात मोठं भांडणही याच समजुतीशी आहे. चांगला बोलणारा माणूस हवाच. पण तो फोनवर असतो तेव्हा त्याचे कान आणि डोकं समोरच्यात गुंतलेलं असतं. त्याला पुढे काय बोलायचं, काय कबूल करायचं, कुठे टाळायचं, हे मागच्या खोलीतून येतं. मागच्या खोलीत गोंधळ असेल तर जिभेवर साखर असून उपयोग नाही. म्हणून आमच्या सरावाचा मोठा भाग त्या खोलीवरच जातो.

कोल्हापूर म्हटलं की इथे कुस्तीचा दाखला यायलाच हवा, अशी पाहुण्यांची अपेक्षा असते. आम्ही तो मुद्दाम देत नाही. मल्ल हौद्यात एकटा असतो, आणि वाटाघाटी करणारा एकटा पडला की काम बिघडतं.

पथकात कोण कोण असतं?

बोलणारा एक. त्याच्या शेजारी बसून तेच संभाषण ऐकणारा आणि चिठ्ठ्या सरकवणारा दुसरा. पथकाचा प्रमुख. माहिती गोळा करून फलक लिहिणारा. घटनास्थळाच्या कमांडरकडे आणि शीघ्र कृती दलाकडे निरोप नेणारा-आणणारा. जमलं तर सल्ल्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ. आणि या सगळ्यांच्या वर, पण शक्यतो दुसऱ्या खोलीत, निर्णय घेणारा कमांडर.

कमांडरने स्वतः फोनवर बोलायचं नाही, हा जगभरातल्या पथकांचा जुना नियम आहे. कारण साधं आहे. बोलणाऱ्याला "मला वर विचारावं लागेल" असं खरेपणाने म्हणता आलं पाहिजे. एसपी साहेब स्वतः फोनवर आले की ही सोय गेली. समोरचा म्हणणार, "तुम्हीच सगळ्यांत मोठे, मग आत्ता सांगा, हो की नाही?"

निर्णय शेवटी साहेबांचाच असतो. मग गटाला निर्णय शिकवून काय उपयोग?

निर्णय साहेबांचा असतो हे खरं. तो कशाच्या आधारावर घेतला जातो, तिथे गट येतो. साहेबांपुढे जी माहिती येते ती चार-पाच जणांच्या तोंडून गाळून आलेली असते, आणि आपल्याकडे ही गाळणी फार बारीक आहे. "होय साहेब" हे आपलं पाठांतर इतकं पक्कं आहे की हवालदाराने डोळ्यांनी पाहिलेली गोष्टसुद्धा, साहेबांचं मत वेगळं दिसलं की, त्याच्या घशातच राहते.

या दुखण्यावर सगळ्यांत आधी नीट काम केलं ते विमान कंपन्यांनी. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ या स्पेनच्या बेटावरच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण गेले. उड्डाणासाठी धावू लागलेल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानात फ्लाइट इंजिनियरने शंका काढली होती, की समोरचं विमान अजून धावपट्टीवरच तर नाही ना? कॅप्टन कंपनीतला मोठा, नावाजलेला माणूस. त्याने ठासून नाही म्हटलं, आणि शंका तिथेच विरली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७८ मध्ये, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेडचं एक विमान चाकांची अडचण सोडवत तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. सहकारी इंधनाबद्दल बोलत होते, पण आडून, अदबीने. १९७९ साली नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली, आणि त्यातून वैमानिक चमूला एकत्र निर्णय शिकवण्याची पद्धत उभी राहिली. वाटाघाटी पथकांच्या प्रशिक्षणात आम्ही तिच्यातून बरंच घेतलं आहे.

"पद विसरून मोकळं बोला" असं सांगितल्यावर लोक बोलतात का?

नाही. तसं सांगणं फुकट जातं. त्यापेक्षा बोलण्याचा क्रम बदलला की फरक दिसतो. लष्करी न्यायालयात कनिष्ठ सदस्याने आधी मत द्यायची प्रथा आहे. आम्ही तेच करतो: सगळ्यांत खालच्या पदाचा आधी, प्रमुख शेवटी. प्रमुखाने आधी "मला वाटतं आपण..." म्हटलं की फेरी रद्द, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी ही फेरी बऱ्याचदा रद्द होते, आणि रद्द झाल्यावर सगळ्यांत मोठ्याने हसतो तो शिपाई.

दुसरी गोष्ट, विरोध करायला शब्द आधीच ठरवून द्यायचे. ऐनवेळी माणसाला धीर होत नाही, पण पाठ केलेलं वाक्य तोंडातून निघतं. आमच्याकडे तीन पायऱ्या आहेत. "साहेब, एक शंका आहे." त्याने भागलं नाही तर, "साहेब, मला यात धोका दिसतोय, कारण..." आणि शेवटची, "साहेब, थांबा." तिसरं वाक्य उच्चारलं गेलं की, ते कोणीही उच्चारलेलं असो, हातातलं काम एक मिनिट थांबतं आणि त्याचं ऐकलं जातं. हे नंतर कधीही त्या माणसाच्या अंगावर येणार नाही, असं कमांडरने सरावाच्या आधी सगळ्यांसमोर सांगायचं असतं. कमांडर हे सांगायला तयार नसेल तर आम्ही तो सराव घेत नाही.

साहेबांना साहेब म्हणणं कोणी थांबवत नाही आणि थांबवायची गरजही नाही.

चिठ्ठ्यांचा तो सराव कसा असतो? त्याबद्दल बाहेर ऐकलंय.

१९८५ साली स्टॅसर आणि टायटस या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी गटांच्या चर्चेचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की गट जे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं त्यावरच बोलत राहतो, आणि जे एकट्यालाच माहीत असतं ते चर्चेत येतच नाही किंवा आलं तरी मागे पडतं. आमचा सराव याच निष्कर्षावर बेतलेला आहे.

प्रसंग असा असतो. शिरोलीतल्या एका फाउंड्रीच्या शेडवर एक कामगार चढून बसला आहे, हातात डिझेलची बाटली. मागणी एकच: "ठेकेदाराला माझ्यासमोर आणा." पथकातल्या प्रत्येकाला वेगवेगळी चिठ्ठी मिळते. पगार थकलाय, तो प्यालेला आहे, मागणी ही आहे, एवढं सगळ्यांच्या चिठ्ठीत असतं. एकाच्याच चिठ्ठीत असतं की बाटली अर्धी रिकामी दिसते आणि त्याचा शर्ट ओला आहे. दुसऱ्या एकाच्या चिठ्ठीत असतं की काल याच ठेकेदाराने त्याला चार माणसांत कानाखाली मारली. ही चिठ्ठी आम्ही मुद्दाम सगळ्यांत कनिष्ठाला देतो.

बरेच गट चटकन ठरवतात की ठेकेदाराला बोलवा, पैसे देतो म्हणू दे, विषय संपेल. तर्काला धरून आहे. पण ज्याने अपमान केला त्यालाच समोर उभं करायचं, आणि तेही अंगावर डिझेल ओतून बसलेल्या माणसापुढे! चर्चा संपल्यावर आम्ही चिठ्ठ्या उलट्या करतो. थपडेची चिठ्ठी ज्याच्याकडे होती त्याला विचारलं की बोलला का नाहीस, तर उत्तर बहुधा हेच येतं: "मला वाटलं सगळ्यांना माहीत असेल." भीतीपेक्षा हे उत्तर जास्त वेळा येतं, म्हणून नुसता धीर देऊन भागत नाही.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. कोणताही पर्याय मांडण्याआधी प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगायची, जी फक्त त्याने पाहिली किंवा ऐकली आहे. मत नाही सांगायचं, गोष्ट सांगायची. ती फलकावर जाते. सगळ्यांची झाल्यावर मग पर्याय.

इतकं बोलत बसायला वेळ कुठे असतो?

बहुतेक प्रकरणांत असतो. वेळ जातो तसा माणूस थकतो, नशा उतरते, भूक लागते, राग ओसरतो, आणि आपल्याला माहिती मिळत जाते. घाई बहुधा आपल्या बाजूची असते: वरून येणारे फोन, वाढती गर्दी, रस्ता मोकळा करायचा दबाव.

पण वेळ नसतो तेव्हा खरंच नसतो. २४ डिसेंबर १९९९ ला अपहरण झालेलं आयसी ८१४ विमान अमृतसरला सुमारे ५० मिनिटं जमिनीवर होतं. एनएसजीची (केंद्राच्या दहशतवादविरोधी कमांडोंची) तुकडी पोहोचायच्या आत ते उडालं. पुढे कंदाहार, आणि ३१ डिसेंबरला तुरुंगातल्या तीन दहशतवाद्यांच्या बदल्यात प्रवाशांची सुटका. त्या ५० मिनिटांबद्दल अनेकांनी अनेक परीने लिहिलं आहे. प्रशिक्षणापुरता आमचा मुद्दा छोटा आहे. कोण काय करू शकतो आणि कोणाच्या शब्दावर करू शकतो, हे घटना सुरू झाल्यावर ठरवायला घेतलं तर घड्याळ आपल्या हातात उरत नाही.

म्हणून "तातडीची खूण" आधी ठरवायची. गोळी सुटली, आतून मारहाणीचा आवाज आला, काडी पेटवली, तर चर्चा नाही, ठरलेली कृती. गॅरी क्लाइन यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या अग्निशमन दलाच्या प्रमुखांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की अनुभवी माणूस ऐनवेळी पर्यायांची तुलना करत बसत नाही. प्रसंग ओळखीचा वाटतो आणि सुचलेली पहिली कृती तो मनात चालवून पाहतो. हे खरं आहे, पण ती ओळख शेकडो आगी विझवून आलेली असते. जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याने आयुष्यात किती ओलीस प्रकरणं पाहिलेली असतात? त्याची "मला आतून वाटतंय" ही भावना चोर पकडताना उपयोगी पडेल. इथे तिच्यावर फार भिस्त ठेवू नये.

सगळ्यांचं एकमत झालं की निर्णय चांगला, असं मानायचं का?

पटकन झालेल्या एकमताची आम्हाला धास्ती वाटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आयर्व्हिंग जॅनिस यांनी १९७२ साली फसलेल्या निर्णयांचं विश्लेषण केलं, त्यात क्युबावरच्या हल्ल्याची १९६१ ची अमेरिकी मोहीम, बे ऑफ पिग्ज, होती. हुशार, एकमेकांशी निष्ठा असलेली माणसं एकत्र बसली की एकी टिकवण्याच्या नादात शंका गिळतात, असं त्यांचं म्हणणं. त्या मोहिमेनंतर दीड वर्षाने, ऑक्टोबर १९६२ मध्ये, क्युबातल्या क्षेपणास्त्रांच्या पेचात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी काही बैठकांतून मुद्दाम उठून गेले, की आपल्यादेखत न बोलणारे बोलतील.

सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांतून एक दिलासाही मिळतो. रेघांच्या लांबीसारख्या उघड गोष्टीतही लोक सगळ्यांच्या चुकीच्या उत्तरामागे जात. पण खोलीत एक जरी जण वेगळं बोलला, की बाकीच्यांची मान हलवणं खूप कमी होई. म्हणून दर फेरीला एकाला "उलटतपासणी" देतो. त्याचं काम फक्त खोडा घालण्याचं. हे काम फिरतं ठेवायचं, नाहीतर ठरावीक माणूस गावचा कटकट्या ठरतो आणि त्याचं कोणी ऐकत नाही.

दुसरा प्रकार क्लाइन यांचाच. ठरलेला बेत अमलात आणण्याआधी दोन मिनिटं प्रत्येकाने कागदावर लिहायचं: उद्या सकाळच्या पेपरात बातमी आहे की हा बेत फसला. का फसला? "फसेल का?" विचारलं तर सगळे "नाही साहेब" म्हणतात. "फसला आहे, कारण सांगा" म्हटलं की कारणं निघतात.

शीघ्र कृती दल आणि वाटाघाटी करणारे यांच्यात नेहमी ओढाताण का होते?

दोघांची घड्याळं वेगळी असतात. एकाला वेळ हवा असतो, दुसऱ्याला संधी. ही ओढाताण नैसर्गिक आहे. ती एका टेबलावर झाली पाहिजे, एवढंच.

झाली नाही तर काय होतं हे टेक्सासमधल्या वेकोला १९९३ साली दिसलं. एका सशस्त्र धार्मिक पंथाच्या वस्तीला एफबीआयने घातलेल्या ५१ दिवसांच्या वेढ्यात बोलणी करणाऱ्यांनी ३५ जणांना बाहेर आणलं. पण आतून माणसं बाहेर आली त्याच रात्री बाहेरच्या तुकडीने वीज तोडली. पुन्हा काही जण बाहेर आले, तर मोठ्या आवाजात गाणी लावली. आतल्यांनी यातून काय शिकायचं? ऐकलं की शिक्षा होते, हेच. १९ एप्रिलला हल्ला आणि आगीत ७० हून अधिक जीव गेले, त्यांत लहान मुलं होती. पुढच्या वर्षी एफबीआयने दोन्ही शाखा एका छत्राखाली आणल्या.

सरावात आम्ही एकच नियम घालतो. लाइट तोडणं, गाडी पुढे सरकवणं, शिडी लावणं, असली कोणतीही हालचाल करण्याआधी बोलणाऱ्याला कळलं पाहिजे. आणि कमांडरने तीन प्रश्न मोठ्याने विचारायचे. हे आत्ताच करणं गरजेचं आहे का? न करण्यापेक्षा करण्यात धोका कमी आहे का? उद्या कोर्टात, लोकांसमोर आणि स्वतःशी याचं समर्थन करता येईल का?

फलकावर काय लिहायचं?

त्याचं नाव आणि त्याला कोणत्या नावाने हाक मारलेली चालते. मागण्या, दिलेल्या मुदती, धमक्या, हत्यार. आपण काय कबूल केलं आणि काय नाकारलं. कोणत्या विषयाने तो मऊ पडतो, कोणत्या विषयाने भडकतो. प्रत्येक नोंदीला वेळ. अक्षर मोठं, आणि भाषा सगळ्यांना कळणारी मराठी. मोबाइलवरच्या ग्रुपला फलक समजू नका. तिथे तीनशे मेसेजखाली थपडेची चिठ्ठी गाडली जाते.

तो आईला किंवा बायकोला बोलवा म्हणतो. बोलवायचं की नाही?

लगेच नाही. ऐकायला माणुसकीला धरून वाटतं, पण जीव द्यायला निघालेला माणूस कधी कधी निरोपासाठी बोलावतो, आणि कधी तिच्या डोळ्यांदेखत करायचं म्हणून बोलावतो. आईला गाडीतून आणा, चहा द्या, तिच्याकडून माहिती घ्या. पुढे उभी करू नका. रेकॉर्ड केलेला छोटा निरोप चालू शकतो, तोही आधी ऐकून.

नगरसेवक, सरपंच, तालमीचे अध्यक्ष, मेव्हणे हे न बोलावता येतात. त्यांना हाकलून दिलं तर बाहेर दुसरं आंदोलन सुरू होतं. एका माणसाने त्यांच्याजवळ बसून त्यांना माहिती विचारायची. महत्त्वाचं काम मिळालं की माणूस जागेवर बसतो, आणि खरं सांगायचं तर तालमीतल्या जुन्या माणसाला त्या पोराबद्दल आपल्यापेक्षा दहापट माहिती असते.

गर्दी आणि फेसबुक लाइव्हचं काय?

बिंदू चौकात दोन गाड्या घासल्या तरी पाच मिनिटांत शंभर माणसं उभी राहतात. त्यात "मार उडी" म्हणून ओरडणारा एखादा असतोच. म्हणून बाहेरचं कडं हे पहिल्या दहा मिनिटांतलं काम.

थेट प्रक्षेपणाचा धोका २६/११ ला दिसला. २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना कडक शब्दांत सुनावलं, आणि २०१५ पासून केबल टीव्हीच्या नियमांनुसार दहशतवादविरोधी कारवाई थेट दाखवता येत नाही. गल्लीतल्या चॅनेलला आणि टाकीवरच्या माणसाला हा नियम पुरत नाही. तिथे आमचा अनुभव असा की ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, एकाच अधिकाऱ्याने माहिती दिली तर निम्मे कॅमेरे तिकडे वळतात. सरावात आम्ही एकाला खोटा वार्ताहर करतो. तो फार त्रास देतो, आणि द्यावाच.

पुराच्या वेळचा सराव वाटाघाटींत का घेता?

कारण आमच्या जिल्ह्यात दडपणाखालची सगळ्यांत जास्त बोलणी पावसाळ्यातच होतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला हे आकडे पाठ आहेत. प्रयाग चिखली, आंबेवाडीकडे बोट घेऊन गेलं की ओसरीतून उत्तर येतं, "म्हसरं सोडून कुठं जाऊ?" समोरचा ना गुन्हेगार ना आजारी. त्याचा हिशेब त्याच्या परीने बरोबर आहे, कारण दावणीला त्याचं सगळं भांडवल उभं आहे.

इथे पथकही मिश्र असतं. तलाठी, पोलीस पाटील, ठाण्याचा माणूस, एनडीआरएफचा जवान. एकमेकांचे वरिष्ठ वेगळे, वायरलेस वेगळे. तलाठ्याला माहीत असतं की जनावरांची छावणी कुठे आहे. जवानाला माहीत असतं की बोटीच्या किती फेऱ्या उरल्या. दोघे बोलले नाहीत तर म्हाताऱ्याला एक जण सांगतो "जनावरांची सोय आहे", दुसरा सांगतो "जनावरांचं बघू नका आता", आणि तो दार लावून घेतो. प्रसंगात बंदूक नसल्यामुळे लोक या सरावाला हलका समजून येतात. घामाघूम होऊन जातात.

यात आम्ही पाण्याची पातळी दर वीस मिनिटांनी वाढवतो. कोणत्या आकड्याला विनंती थांबवून उचलून न्यायचं, हे गटाने पाणी कमी असतानाच लिहून ठेवायचं. नंतर तो आकडा हळूच वर सरकवायचा मोह होतो. उलटतपासणीवाला तिथे लागतो.

भाषेची अडचण येते का?

येते. फाउंड्रीत आणि इचलकरंजीच्या मागांवर उत्तर भारतातले, ओडिशातले कामगार आहेत. निपाणीकडचा माणूस रागात कन्नडवर जातो. पथकाकडे बोलणाऱ्यांची यादी भाषेप्रमाणे तयार हवी. आणि मराठीच असली तरी पुस्तकी नको. राधानगरीच्या माणसाला "आपल्या भावना मी समजू शकतो" म्हटलं तर तो ओळखतो की हा कुठून तरी शिकून आलाय.

रात्रभर चाललं तर?

पाळी बदला. सलग १७ ते १९ तास जागं राहिलेल्या माणसाची चाचणीतली कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असं २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसलं. हा नियम कमांडरलाही लागू. "मी ठीक आहे" हे सगळ्यांत थकलेला माणूसच म्हणतो. नवा गट येतो तेव्हा जुन्याने अर्धा तास शेजारी बसून फलक समजावायचा, मग घरी जायचं.

कायदा काय सांगतो?

थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं जातं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ नाही. पण सरकारी नोकराला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा अडवण्यासाठी तसा प्रयत्न करणं हा कलम २२६ खाली गुन्हा आहे. आत्मदहनाच्या इशाऱ्यात हे कलम मनात असतंच, पण कलमाची भीती त्या क्षणी तोंडातून काढू नका. केंद्र सरकारची १४४१६ ही टेली-मानस हेल्पलाइन प्रत्येकाच्या खिशात असावी.

मानसोपचारतज्ज्ञालाच बोलायला का बसवत नाही?

त्याला दवाखान्यात ऐकायची सवय असते, खाली जमलेल्या गर्दीच्या आवाजात नाही. शिवाय तो बोलण्यात गुंतला तर पथकाला सल्ला कोण देणार?

सराव किती खरा असतो? कोणाला इजा तर होत नाही ना?

समोरच्या माणसाची भूमिका हौशी रंगभूमीवरचे कलाकार करतात. कोल्हापुरात त्यांची वाण नाही, आणि पोलिसाने पोलिसाशी खोटं भांडण्यापेक्षा ते फार वरचं असतं. कलाकाराला सूचना असते: पथक नीट ऐकत असेल तरच मऊ व्हायचं. जागेवर कोणाकडेही खरं हत्यार नसतं, तपासणी होते. जवळचं ठाणं आणि ११२ च्या नियंत्रण कक्षाला आधी कळवलेलं असतं. दडपण टप्प्याटप्प्याने वाढवतो. पहिल्याच दिवशी भोंगे, रडारड आणि ओरडा यांत लोटलेला माणूस काही शिकत नाही, फक्त लाजतो.

सराव झाल्यावर चर्चा कशी घेता?

काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय वेगळं करू. प्रमुखाने सुरुवात स्वतःपासून करायची. "कोणी चुकलं?" हा प्रश्न विचारायला बंदी आहे. त्याऐवजी विचारतो की कोणती माहिती कोणाकडे होती आणि ती कुठे अडली.

सगळं नीट करूनही शेवट वाईट झाला तर?

होतो कधी कधी. तेव्हा निर्णय आणि परिणाम वेगळे ठेवावे लागतात. त्या क्षणी हाताशी होतं तेवढ्यावर निर्णय बरोबर होता का, हे फलकावरच्या वेळेच्या नोंदी पाहून ठरतं. उलटंही खरं आहे. घाईत दार तोडलं आणि नशिबाने सगळे वाचले, तर त्याचा सत्कार होतो आणि पुढच्या वेळी पुन्हा दार तोडलं जातं. त्या सत्कारांची आम्हाला जास्त काळजी वाटते.

बोलणाऱ्याला त्या रात्री एकटं घरी पाठवू नका. त्याने तासन् तास त्या माणसाला आपलंसं केलेलं असतं.

आमच्या तालुक्यात चारच माणसं मोकळी होतील. चालेल का?

चालेल. एक बोलणारा, एक शेजारी, एक फलक, एक प्रमुख. निरोप न्यायचं काम प्रमुखाने फोनवर करायचं. चौघांत निदान एक महिला कर्मचारी असावी आणि निदान एक जण असा, ज्याला साहेबांना नाही म्हणताना फार घाम फुटत नाही. येताना जाड स्केचपेन आणि कागदाचे मोठे ताव घेऊन या, ते नेहमी कमी पडतात.